ट्रॅकर लावला तर ती चीटिंग का?

"ॲप फुकट आहे, उघडपणे डाउनलोड होतं, माझ्या टीममधले चौघंही वापरतात. मग मी लावलं तर आयडी बॅन कशी होईल?"

व्हॅलोरंट, लीग ऑफ लेजंड्स, डोटा खेळणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर हा प्रश्न नेमाने येतो आणि त्याला नेमाने दोन उत्तरं मिळतात. एक, "काही होत नाही, बिनधास्त लाव." दुसरं, "थर्ड पार्टी म्हणजे बॅनच." दोन्ही उत्तरं फसवी आहेत, कारण देणारा ॲपच्या नावाकडे बघतो आणि ते ॲप करतं काय, हे विचारत नाही. एकाच ॲपमधली एक सोय नियमात चोख बसते आणि तिच्या शेजारची दुसरी सोय आयडी घालवते, असं होऊ शकतं.

म्हणून ॲपची नावं बाजूला ठेवून आपण आकड्यांच्याच मागे लागू. ते आले कुठून, आले कधी आणि आहेत कुणाचे?

१. मॅच संपली, पुढे काय उरतं?

ऑनलाइन मॅच संपली की खेळणारा उठून जेवायला जातो, पण कंपनीच्या सर्व्हरवर त्या मॅचची खतावणी शिल्लक राहते. कोणी कोणता हिरो घेतला, कितव्या मिनिटाला कोण मेलं, कुणी किती डॅमेज केलं, कोणती वस्तू कधी विकत घेतली, सगळं. गेममध्ये आपल्याला त्यातला थोडाच भाग दिसतो: किती मारले, किती वेळा मेलो, जिंकलो की हरलो. उरलेल्या नोंदी चाळून, जोडून, आलेख काढून दाखवणारं बाहेरचं सॉफ्टवेअर म्हणजे ट्रॅकर. गेम बनवणारी कंपनी हा पहिला पक्ष, खेळणारा दुसरा, म्हणून हा तिसरा, थर्ड पार्टी.

लीगसाठी दक्षिण कोरियातलं ओपी.जीजी, डोटासाठी डोटाबफ, व्हॅलोरंटसाठी ट्रॅकर नेटवर्क ही यातली परिचित नावं. वेबसाइटचा मामला साधा होता: नाव टाका, इतिहास बघा. पुढे ओव्हरले आले. ओव्हरले म्हणजे गेम चालू असताना त्याच स्क्रीनवर तरंगणारी चौकट. वेबसाइट बघायला गेममधून बाहेर यावं लागायचं, ओव्हरलेने ती अडचण संपवली. भांडणं तिथून पेटली.

या आकड्यांतला सगळ्यांच्या तोंडी असलेला म्हणजे के/डी: मारलेले भागिले मेलेले. ३० मारले, २० वेळा मेलात, तर के/डी १.५. बीजीएमआयने भारतासाठी 'किल' काढून 'फिनिश' केलं, तरी स्क्वॉडमध्ये घेण्याआधी विचारतात तेच, "के/डी किती?"

२. आकडे कुठून आले?

ट्रॅकरला माहिती मिळण्याचे मार्ग तीन.

पहिला मार्ग एपीआय. हे बँकेच्या खिडकीसारखं आहे. बाहेरचा माणूस खिडकीवर येऊन ठरलेल्या पद्धतीने विचारतो, आतला कारकून नोंदी छापून देतो. काय छापून द्यायचं, कुणाला द्यायचं, तासाला किती जणांना द्यायचं हे बँक ठरवते. खिडकीवर मिळालेल्या कागदाबद्दल कुणी चोरीचा आळ घेत नाही. मोठ्या गेम कंपन्यांनी अशा खिडक्या स्वतःहून उघडल्या आहेत, कारण ट्रॅकरमुळे लोक गेमबद्दल जास्त बोलतात आणि जास्त वेळ खेळतात. फक्त या खिडकीवरच्या नोंदी दाखवणाऱ्या सोयीमुळे बॅन येण्याची भीती नसल्यात जमा.

दुसरा मार्ग स्क्रीन. ॲप तुमच्या स्क्रीनवरचं चित्र बघतं आणि त्यातून अर्थ काढतं. तुम्हाला दिसतं तेच त्याला दिसतं. वरवर हे निरुपद्रवी वाटतं. पण माणूस एका वेळी एकाच कोपऱ्याकडे बघतो आणि सॉफ्टवेअर सगळे कोपरे एकदम, न थकता बघतं. याचा तपशील पुढच्या भागात येईलच.

तिसरा मार्ग मेमरीचा. गेम चालू असताना त्याची चालू माहिती तुमच्याच कॉम्प्युटरच्या मेमरीत पडलेली असते. भिंतीआडच्या शत्रूची जागासुद्धा बऱ्याच गेममध्ये तिथे असते, कारण तो बाहेर आला की क्षणात त्याचं चित्र काढावं लागतं. मेमरी वाचणारं सॉफ्टवेअर खिडकीवर न थांबता थेट आत जाऊन कपाटं उघडतं. त्याने तिथून फक्त के/डी उचलला की शत्रूची जागा, हे बाहेरून सांगता येत नाही. म्हणून कंपन्या या मार्गाला सरसकट बंदी घालतात, आणि मला ते योग्य वाटतं.

याचं एक देखणं उदाहरण डोटा २ मधलं. २०२३ च्या फेब्रुवारीत वाल्व्ह कंपनीने गेमच्या आत माहितीचा एक असा कप्पा पेरला, जो नेहमीच्या खेळात कधीच वाचला जात नाही. गेम स्वतः तिकडे फिरकत नाही, खेळाडूला तो दिसत नाही. त्याला हात लागतो तो फक्त चोरून मेमरी चाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा. कंपनी काही काळ गप्प बसली, कप्प्याला कुणाकुणाचा हात लागतो ते टिपलं, आणि मग ४०,००० हून अधिक अकाउंट एकदम कायमची बंद केली. "मी फक्त जास्तीची माहिती बघत होतो" या सबबीला तिथे जागाच नव्हती.

व्हॅलोरंट आणि लीग बनवणाऱ्या रायट गेम्सने २०२० मध्ये व्हॅलोरंटबरोबर व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी आणला. तो विंडोज सुरू होतानाच जागा होतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी आतल्या थरात बसतो. २०२४ मध्ये तो लीगलाही लावला. एका गेमसाठी घरच्या कॉम्प्युटरवर इतका अधिकार द्यावा का, हा वेगळा आणि गंभीर वाद आहे. इथे इतकंच, की अनोळखी ओव्हरलेला हा पहारेकरी सवलत देईल, अशा भ्रमात कुणी राहू नये.

३. आकडे कधी आले?

सगळा घोळ इथे आहे, म्हणून जरा रेंगाळू.

१५ मे १९९९. इंग्लंडमधल्या होव्हच्या मैदानावर विश्वचषकात भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आफ्रिकेचा कर्णधार हान्सी क्रोनिए कानात छोटं यंत्र घालून मैदानात उतरला होता आणि प्रशिक्षक बॉब वूल्मर ड्रेसिंग रूममधून त्याच्याशी बोलत होते. ॲलन डोनाल्डच्याही कानात तसंच यंत्र होतं. प्रकार लक्षात आल्यावर सामनाधिकारी तलत अली यांनी ती यंत्रं काढायला लावली. त्या दिवशी नियमांच्या पुस्तकात याविरुद्ध काहीही लिहिलेलं नव्हतं. आदल्या रात्री वूल्मरनी भारतीय फलंदाजांचा सगळा अभ्यास क्रोनिएपुढे मांडला असता, तर कुणी ब्रही काढला नसता. माहिती तीच, माणसं तीच, बदलली होती ती फक्त वेळ. तरी सगळ्यांना पटकन कळलं की इथे काहीतरी बिनसलं आहे.

ऑनलाइन खेळात हेच कोडं पुन्हा पुन्हा पडतं.

लीगमधलं साधं उदाहरण घ्या. फ्लॅश नावाची एक झेप असते. बहुतेक जण ती घेतात आणि जीव वाचवायला वापरतात. एकदा वापरली की पुन्हा यायला ३०० सेकंद, म्हणजे ५ मिनिटं. समजा मधल्या लेनमधल्या शत्रूने ६ मिनिटं १० सेकंदांवर फ्लॅश मारला. सराईत खेळाडू चॅटमध्ये लगेच टाइप करतो, "मिड १११०". म्हणजे ११:१० पर्यंत हा पळू शकणार नाही, तेवढ्यात गाठा. हे बघणं, घड्याळाकडे नजर टाकणं, बेरीज करणं, टाइप करणं आणि मारामारीच्या धांदलीत ते लक्षात ठेवणं हेच कौशल्य आहे. यातली प्रत्येक पायरी चुकू शकते. चुकते म्हणूनच ती ज्याला जमते तो वरच्या रँकला असतो. आता हेच मोजून शत्रूच्या चित्राशेजारी उलटा आकडा पळवणारं ॲप लावलं तर? एकही गुप्त गोष्ट उघड झालेली नाही. पण जे काम खेळाडूच्या डोक्याने करायचं, ते यंत्राने केलं. शत्रूच्या अशा ताकदी परत यायला किती वेळ उरला, हे आपोआप मोजणाऱ्या ॲपना रायटचे नियम मनाई करतात.

हा वाद लीगमध्ये याआधीही होऊन गेला होता. २०१४ मध्ये कर्स व्हॉइस नावाचं बोलण्याचं ॲप लोकप्रिय होऊ लागलं. त्यात एक जादा सोय होती: जंगलातले राक्षस मारले की ते पुन्हा कधी येणार, याची घड्याळं ते आपोआप लावायचं. तेव्हा ड्रॅगन मारल्यावर ६ मिनिटांनी परत यायचा, बॅरन ७ मिनिटांनी. जुने खेळाडू हे तोंडपाठ करून चॅटमध्ये वेळा लिहीत. रायटने सांगितलं, ही घड्याळं म्हणजे गैरफायदा, काढा. कर्सने ती काढली. त्यानंतर त्याच वर्षी रायटने स्वतःच जंगलाची घड्याळं गेममध्ये आणली, सगळ्यांसाठी.

यावर तेव्हा बरीच टिंगल झाली की चोर म्हणून हाकलला आणि त्याचाच माल दुकानात मांडला. मला त्यात विसंगती दिसत नाही. दहापैकी चौघांकडे घड्याळ असणं आणि दहाच्या दहा जणांकडे असणं यांत फरक आहे. चौघांकडे असतं तेव्हा स्पर्धा खेळाडूंची राहत नाही, कुणी काय डाउनलोड केलं याची होते. सगळ्यांकडे आलं की तो खेळाचा नवा नियम झाला. नियम आवडो न आवडो, तो दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

स्क्रीनच्या मार्गाचं उदाहरण ओव्हरवॉचमध्ये मिळतं. व्हायझर नावाचं ॲप स्क्रीनवरचं चित्र ओळखून खेळता खेळता सूचना द्यायचं. बनवणाऱ्यांच्या मते तो नवशिक्यांसाठी शिकवणीचा प्रकार होता. २०१८ मध्ये ओव्हरवॉच बनवणाऱ्या ब्लिझर्डने ते गैरफायद्यात मोडतं असं स्पष्ट केलं आणि ओव्हरवॉचपुरता त्याचा कारभार आटोपला. शिकवणी वाईट नाही हो, पण ती पेपर चालू असताना द्यायची नसते.

मग मॅच संपल्यावरचे आकडे तरी पूर्ण निर्धोक? बहुतेक वेळा हो. आपल्याच हरलेल्या मॅचची चिरफाड करण्यात कुणाचं काय जातं? पण इथेही एक अपवाद निघाला आणि तो मोठा मजेदार आहे. रायटच्याच टीमफाइट टॅक्टिक्समध्ये आठ जण खेळतात आणि मॅचमध्ये काही ठरावीक वेळी तीन ऑगमेंटपैकी, म्हणजे खास सवलतींपैकी, एक निवडायची असते. हाती असलेल्या फौजेला कोणती शोभेल हे ओळखण्यात खरी गंमत. ट्रॅकरवाल्यांनी लाखो संपलेल्या मॅचचे आकडे गोळा करून प्रत्येक ऑगमेंटचा सरासरी क्रमांक छापला. आठ जणांत सरासरी ४.५ असते, तेव्हा ४.२ म्हणजे चांगलं आणि ४.८ म्हणजे वाईट. झालं, लोक फौजेकडे बघेनात, दुसऱ्या स्क्रीनवरच्या तक्त्याकडे बघून बटण दाबू लागले. शेवटी २०२४ मध्ये रायटने ऑगमेंटचे आकडे खिडकीवर देणंच थांबवलं. आकडे जुन्या मॅचचे होते, पण वापरले जात होते चालू मॅचमध्ये. वेळेची कसोटी माहिती जन्माला कधी आली यावर लावून भागत नाही, ती हातात कधी पडली हे बघावं लागतं.

४. आकडे कुणाचे?

आतापर्यंत आपण ॲप लावणाऱ्याचाच विचार केला. ज्याचे आकडे बघितले जातात, त्याला कुणी विचारलंय का?

वर्ल्ड ऑफ टँक्स या २०१० च्या रणगाड्यांच्या खेळात पंधरा विरुद्ध पंधरा लढतात. त्यासाठी एक्सव्हीएम नावाचा मॉड, म्हणजे गेमला बाहेरून जोडायचा तुकडा, आला. मॅच सुरू होण्याआधी तो तिसांच्या तीस नावांपुढे प्रत्येकाची कुवत रंगाने दाखवायचा. लाल म्हणजे टाकाऊ, मग नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, आणि जांभळा म्हणजे अव्वल. रंग ठरायचे खेळाडूंनीच रचलेल्या डब्ल्यूएन८ सारख्या सूत्रांवर. परिणाम दोन्ही टोकांना झाला. लाल नावाला मॅच सुरू होण्याआधीच शिव्या बसू लागल्या. आणि जांभळ्या नावाला शत्रूचा तोफखाना शोधून शोधून मारू लागला, कारण मॉड लावलेल्या प्रत्येकाला तो जांभळा दिसत होता. जो चांगला खेळायला शिकला त्याला त्याची शिक्षा, आणि जो शिकतोय त्याला शिकू द्यायचं नाही. ज्याने हा मॉड कधी बघितलाही नव्हता, त्याचाही खेळ त्यामुळे बदलला. पुढे कंपनीनेच नाव लपवायची सोय दिली.

लीगमध्ये हे वेगळ्या तऱ्हेने झालं. रँक्ड मॅचआधी हिरो निवडण्याच्या खोलीत पाच अनोळखी टीममेट जमतात. तिथे नावं दिसत, तोवर ती कॉपी करून ट्रॅकरमध्ये टाकायची पद्धत पडली होती. कुणी मागच्या पाच मॅच सलग हरलेला दिसला, की "याच्याबरोबर खेळणार नाही" म्हणत एक जण खोली सोडून जाई. त्याला गेमच्या भाषेत डॉज म्हणतात. एकाने डॉज केलं की उरलेल्या नऊ जणांनी पुन्हा रांगेत उभं राहायचं. २०२२ च्या अखेरीस रायटने रँक्डच्या या खोलीतली टीममेटची नावं झाकली. मॅच सुरू झाली की नावं दिसतात, पण तोवर पळायची वाट बंद झालेली असते.

नावं झाकली तेव्हा ओरडा झाला. चांगला टीममेट कोण हे जाणून घेणं माझा हक्क नाही का, असं लोक म्हणाले. मी या बाजूचा नाही. मित्रांच्या टीममध्ये कुणाला घ्यायचं हे तुम्ही ठरवा, त्याचा के/डी विचारा, जुन्या मॅच मागा. पण तुम्ही अनोळखी लोकांच्या रांगेत उभे राहिलात तेव्हा सौदाच असा होता की गेम जोडी लावेल आणि तुम्ही खेळाल. समोरच्यानेही तुम्हाला न बघताच स्वीकारलंय.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन पोकरने हा वाद सगळ्यांच्या आधी पाहिला. तिथे ओव्हरलेला एचयूडी म्हणतात. टेबलावरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर दोन-चार आकडे तरंगतात: शंभरातल्या किती डावांत हा स्वखुशीने पैसे टाकतो, किती वेळा वाढवतो. हजार डावांनंतर त्या आकड्यांतून माणूस उघडा पडतो. पोकरस्टार्सने मधला मार्ग काढला: स्वतः ज्या डावांत बसला होता त्यांचेच आकडे ठेवा, दुसऱ्यांनी जमवलेले डाव विकत आणायचे नाहीत. पार्टीपोकरने २०१९ मध्ये त्याही पुढे जाऊन एचयूडीचं खाद्यच तोडलं आणि खेळाडूंना नावं बदलायला लावली, म्हणजे जुन्या आकड्यांचा माग तुटावा. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे असे खेळच बंद झाले, त्यामुळे आपल्यापुरता तो प्रश्न मिटला. पण पोकरस्टार्सची कसोटी मला अजून आवडते. तू समोर बसून पाहिलंस ते तुझं, बाजारातून आणलंस ते नाही.

व्हॅलोरंटने संमतीची अट सुरुवातीपासून ठेवली. खेळाडूने रायटच्या लॉग-इनमधून ट्रॅकरला परवानगी दिली, तरच त्याचे आकडे सगळ्यांना दिसायला हवेत, असा नियम आहे. मुंबईच्या सर्व्हरवर खेळणाऱ्या एखाद्याचं नाव शोधलं आणि पान 'खाजगी' आलं, तर तो काही लपवतोय असं समजायचं कारण नाही. त्याने बहुधा कधी लॉग-इनच केलेलं नसतं. ओव्हरवॉचनेही २०१८ मध्ये प्रोफाइल खाजगी ठेवायची मुभा दिली.

५. आकडा किती खरा?

समजा सगळं नियमात बसलं. कुणीतरी आपणहून त्याचा विन रेट दाखवला, म्हणजे शंभरातल्या किती मॅच जिंकल्या तो आकडा. त्यावरून काय कळतं?

या हिरोबरोबर १२ मॅच, ८ विजय, विन रेट ६७ टक्के. भारी वाटतं ना? आता एक नाणं १२ वेळा उडवा. त्यात ८ किंवा जास्त वेळा छाप पडण्याची शक्यता सुमारे १९ टक्के आहे. म्हणजे निव्वळ नशिबावर खेळणाऱ्या पाच जणांपैकी एकाच्या पानावर असा '६७ टक्के' सहज झळकेल. हेच १२० मॅचमध्ये ८० विजय असतील, तर नाण्याला ते हजारांत एकदाही जमत नाही. टक्केवारी दोन्हीकडे तीच, वजन मात्र वेगळं. ट्रॅकर दोन्ही आकडे सारख्याच ठळक हिरव्या रंगात दाखवतो.

दुसरी मेख मॅच जुळवणाऱ्या यंत्रणेत आहे. तुम्ही जिंकलात की पुढचा प्रतिस्पर्धी थोडा कठीण मिळतो, हरलात की सोपा. त्यामुळे वरच्या आणि खालच्या रँकचे खेळाडू दोघेही ५० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतात. खालच्या रँकचा ५२ टक्केवाला वरच्या रँकच्या ४९ टक्केवाल्यापुढे दोन मिनिटं टिकणार नाही. आणि के/डी? टीमसाठी आधी आत घुसून मार खाणाऱ्याचा के/डी कमी असतो. मागे लपून, सगळे मेल्यावर शस्त्र वाचवत पळणाऱ्याचा छान दिसतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये २००९ च्या सुमारास गिअरस्कोअर नावाच्या ॲडऑनने, म्हणजे गेमला जोडायच्या अशाच तुकड्याने, खेळाडूच्या सगळ्या शस्त्रसामग्रीचा मिळून एक आकडा केला. लगेच टोळीत घेण्याच्या अटी लागल्या: अमुक आकड्याखालच्यांनी विचारू नये. आकडा सामग्रीचा होता, हाताच्या कौशल्याचा नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दार त्यानेच उघडायचं, कारण अनोळखी माणसाला पारखण्यापेक्षा आकडा वाचणं सोपं.

६. शिट्टी कुणाच्या हातात?

कायदेशीर उत्तर सरळ आहे: गेम कंपनीच्या. सर्व्हर त्यांचा, नियम त्यांचे, आणि 'मान्य आहे' हे बटण तुम्हीच दाबलंय. पण हा पंच तटस्थ असतोच असं नाही. खेळाडूची छुपी गुणवत्ता, म्हणजे एमएमआर, हिशेबाने काढून दाखवणाऱ्या ॲपना रायटचे नियम मज्जाव करतात. अधिकृत रँकला पर्यायी क्रमवारी उभी राहू नये हे कारण पटण्यासारखं आहे. पण त्यामुळे कंपनीची मॅच जुळवणी ठीक चालते की नाही, हे बाहेरून तपासायची एक वाटही बुजते. वाल्व्हने २०१८ मध्ये डोटा प्लस ही पैसे भरून घ्यायची सेवा काढली, तीत खेळता खेळता सल्ला मिळतो. बाहेरच्याने दिला तर गैरफायदा आणि घरच्याने विकला तर सोय, असं दिसलं की खेळाडू कुरकुरतात. त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही. घड्याळं सगळ्यांना फुकट देणं आणि सल्ला विकणं या दोन गोष्टी मी एका पारड्यात घालणार नाही.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने तर वीस वर्षं ॲडऑनना मुक्तद्वार ठेवलं. इतकं, की मोठ्या लढाया ॲडऑनशिवाय जिंकणंच अवघड झालं, आणि बनवणारेही खेळाडूकडे ॲडऑन असणार हे धरूनच लढाया रचू लागले. २०२५ मध्ये ब्लिझर्डने जाहीर केलं की मिडनाइट या विस्तारापासून लढाईतली चालू माहिती वापरून हिशेब करणाऱ्या ॲडऑनवर मर्यादा येतील आणि डॅमेज मोजण्यासारख्या सोयी गेममध्येच मिळतील. कर्स व्हॉइसच्या वेळी जे झालं, तेच इथे कितीतरी मोठ्या मापावर होतंय.

आता ग्रुपवरच्या त्या मुलाला काय सांगायचं? ॲप टाकण्याआधी गेमच्या वेबसाइटवर थर्ड पार्टी ॲपबद्दलचं पान शोध. बऱ्याच मोठ्या गेमचं असतं, इंग्रजीत आणि कंटाळवाणं असतं, तरी वाच. ॲप चालू मॅचमध्ये शत्रूबद्दल काही मोजत असेल तर ती सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद कर. 'अँटी-चीटला सापडत नाही' अशी जाहिरात असेल तर ॲपच टाकू नकोस, कारण नियमात राहणाऱ्याला लपायची गरज पडत नाही. स्पर्धेत उतरणार असशील तर आयोजकांचे नियम गेमच्या नियमांपेक्षा कडक असू शकतात. घरी चालणारा ओव्हरले तिथे बंद ठेवावा लागेल. बॅन आला तर तो ॲप बनवणाऱ्याला येत नाही, तुझ्या आयडीला येतो, आणि तीवर घेतलेल्या स्किनचे पैसेही बुडतात.

आपल्या जुन्या मॅच बघायला ट्रॅकर खुशाल वापर. फक्त एक ध्यानात ठेव: ॲप अनइन्स्टॉल केलं म्हणून दिलेली संमती आपोआप मागे जात नाही. ती ट्रॅकरच्या वेबसाइटवर जाऊन, लॉग-इन करून, सेटिंगमधून वेगळी काढावी लागते.